पेस्ट लावू का? मॅनिफोल्डची गळती घरी दुरुस्त करताना

सकाळी गाडी सुरू केली की बॉनेटखालून कोरडा टकटक आवाज येतो, ॲक्सिलरेटर दाबला की वाढतो आणि इंजिन गरम झाले की जवळजवळ नाहीसा होतो. हे लक्षण सांगून वाचक दोन प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. हा आवाज टॅपेटचा की मॅनिफोल्डचा? आणि मॅनिफोल्डचा असेल तर दुकानात मिळणारी सायलेन्सर पेस्ट लावून भागेल का? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधीच देतो: भागत नाही. मॅनिफोल्डची गळती थांबवायची तर तो सांधा उघडावा लागतो, स्वच्छ करावा लागतो आणि नवे पॅकिंग घालून नीट आवळावा लागतो. तेव्हा कोणती पेस्ट चांगली यात वेळ घालवू नका. तुमच्या गाडीचा सांधा तुम्ही घरी उघडावा की नाही, एवढेच ठरवा. घरोघरी दिसणारी, टर्बो नसलेली पेट्रोल हॅचबॅक गाडी समोर ठेवून तो निर्णय कसा घ्यायचा ते पुढे सांगितले आहे.

सांधा रोज हलतो

प्रत्येक सिलिंडरमधून बाहेर पडणारा जळका वायू गोळा करून एका नळीत, म्हणजे डाउनपाइपमध्ये, सोडणारा भाग म्हणजे मॅनिफोल्ड. बऱ्याच गाड्यांत तो बिडाचा असतो आणि ॲल्युमिनियमच्या सिलिंडर हेडवर स्टड-नटांनी आवळलेला असतो. दोघांच्या मध्ये पत्र्याचे पॅकिंग असते, ज्याला गॅस्केट म्हणतात. आता उष्णतेचा हिशेब पाहा. ३०० मिलिमीटर लांबीचा बिडाचा मॅनिफोल्ड चढावर, भरल्या गाडीत, ६०० अंशांनी तापला तर सुमारे २ मिलिमीटर लांब होतो. ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, पण हेडमध्ये कूलंट फिरत असल्याने ते शंभर अंशांच्या आसपासच राहते, आणि तेवढ्याच लांबीत जेमतेम अर्धा मिलिमीटर वाढते. उरलेला दीड मिलिमीटर मॅनिफोल्ड पॅकिंगवरून सरकतो, गार होताना परत येतो, आणि हे प्रत्येक फेरीला घडते. मॅनिफोल्डची भोके स्टडपेक्षा थोडी मोठी ठेवलेली असतात ती यासाठीच. टोके सर्वाधिक सरकतात, म्हणून बहुतेक वेळा टोकाचा स्टड तुटतो आणि टोकाचेच पोर्ट, म्हणजे वायू बाहेर पडायचे तोंड, गळते.

गरम झाल्यावर आवाज का जातो, याचेही उत्तर यातच आहे. धातू फुगून फट तात्पुरती दाबली जाते. गळती बरी झाली असे समजून अनेक जण महिनोन्‌महिने तशीच गाडी चालवतात, आणि तेवढ्या काळात फटीतून सुटणारा तप्त झोत पॅकिंग व धातूचा पृष्ठभाग खात राहतो. पहिल्या महिन्यात केवळ पॅकिंगने भागले असते, ते काम पुढे मशीनशॉपपर्यंत जाते.

आवाज थोडाच आहे, मग घाई कशाला?

पहिले आणि सर्वांत गंभीर कारण कार्बन मोनॉक्साइड. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर त्याचे मोठे प्रमाण नष्ट करतो खरा, पण मॅनिफोल्डची गळती कन्व्हर्टरच्या आधी असते, म्हणजे तिथून सुटतो तो प्रक्रिया न झालेला वायू. बीएस-४ आणि बीएस-६ पेट्रोल गाड्यांना पीयूसी तपासणीत कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के आहे. ती मोजली जाते मागच्या नळीच्या तोंडाशी, सगळी स्वच्छता झाल्यावर. म्हणून पीयूसी मिळाली याचा अर्थ मॅनिफोल्ड घट्ट आहे असा मुळीच होत नाही. शिवाय केबिनमध्ये बाहेरची हवा घेणारी जाळी बहुतेक गाड्यांत काचेच्या पायथ्याशी, बॉनेटला लागून असते. सिग्नलला किंवा घाटातल्या कोंडीत गाडी उभी राहिली की बॉनेटखालची हवा तिथून आत येऊ शकते. केबिनमध्ये धुराचा वास येत असेल, किंवा प्रवासात एकाहून अधिक जणांचे डोके दुखत असेल, मळमळत असेल, गुंगी येत असेल, तर गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, सर्वांना मोकळ्या हवेत आणा आणि डॉक्टरांना दाखवा. अशी गाडी दुरुस्त होईपर्यंत चालवू नका. हा सल्ला मी सौम्य करू शकत नाही, विशेषतः मागच्या सीटवर लहान मुले झोपलेली असतात तेव्हा.

दुसरे कारण ऑक्सिजन सेन्सर. जळका वायू सलग वाहत नाही, ठोक्याठोक्याने येतो, आणि दोन ठोक्यांच्या मध्ये दाब उतरला की त्याच फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला जादा ऑक्सिजन दिसतो, संगणकाला वाटते मिश्रणात पेट्रोल कमी आहे, आणि तो पेट्रोल वाढवतो. ॲव्हरेज घसरते, कधी चेक इंजिनचा दिवा लागतो, स्कॅनरवर पी-०१७१ सारखा कोड दिसतो आणि मेकॅनिक चांगला सेन्सर बदलून देतो. तिसरे कारण आगीचे: फटीतून येणारा झोत जवळच्या वायरी, रबरी होस आणि प्लास्टिक भाजतो.

कानापेक्षा बुडबुड्यांवर विश्वास ठेवा

टॅपेटचा आवाज आणि गळतीचा आवाज यांत फरक आहे. गळती इंजिनावर भार पडला की मोठी होते, टॅपेट भाराकडे फारसे लक्ष देत नाही. पण काही इंजिनांत ऑइल चढले की टॅपेटही शांत होतो, त्यामुळे केवळ ऐकून निदान करू नका. सांध्याभोवती काळी किंवा राखाडी काजळी दिसली तर तो चांगला पुरावा आहे, मात्र मॅनिफोल्ड इंजिनाच्या मागे असेल तर ती दिसतच नाही. उदबत्तीचा धूर कुठे हलतो ते पाहण्याची युक्ती बरेच जण सुचवतात. पेट्रोलच्या होसशेजारी किंवा सीएनजी किटच्या गाडीत पेटती वस्तू नेणे मला मान्य नाही. त्याहून सुरक्षित आणि नेमकी चाचणी घरच्या ब्लोअरने होते.

रात्रभर उभी असलेली गार गाडी घ्या. इंजिन बंदच ठेवा, किल्ली काढून ठेवा. घर साफ करायच्या हातातल्या ब्लोअरचे तोंड मागच्या सायलेन्सर नळीत धरा, भोवती ओले फडके गुंडाळा आणि हवा सोडा. टायरचा कॉम्प्रेसर वापरू नका, एवढ्या दाबाची गरज नाही. मॅनिफोल्डवरचा पातळ पत्रा, म्हणजे हीट शील्ड, आधीच काढून ठेवा. आता साबणाचे पाणी फवारणीच्या बाटलीने हेडच्या सांध्यावर, डाउनपाइपच्या जोडावर, ऑक्सिजन सेन्सरच्या बुडाशी आणि मॅनिफोल्डच्या फांद्या जिथे मिळतात तिथे मारा. जिथे बुडबुडे, तिथे गळती. जागा दिसत नसेल तर मोबाइलचा कॅमेरा आत घाला. व्हिडिओ काढून ठेवाच. गॅरेजमध्ये गेलात तर तोच तुमचा पुरावा.

घरचे काम कुठवर

बुडबुडे कुठे आले यावर निर्णय अवलंबून आहे:

- मॅनिफोल्ड आणि डाउनपाइपच्या जोडावर: घरी करण्याजोगे. नट-बोल्ट मोजकेच, हेडला धोका नाही.
- हेडच्या सांध्यावर, सर्व स्टड-नट जागेवर: साधने, मॅन्युअल आणि पूर्ण दिवस हाताशी असेल तर करता येईल.
- एखादा स्टड तुटलेला किंवा गायब: सांधा उघडू नका. गाडी तशीच मशीनशॉपशी संबंध असलेल्या गॅरेजकडे द्या.
- बिडाला तडा: मॅनिफोल्ड बदला. बीड वेल्ड करायला आधी सगळा तुकडा तापवावा लागतो, निकेलचा रॉड लागतो, आणि तरीही तडा शेजारी पुन्हा निघण्याची शक्यता मोठी.
- टर्बो असलेली, वॉरंटीतली, किंवा मॅनिफोल्ड व कन्व्हर्टर एकाच तुकड्यात असलेली गाडी: चाचणी घरी करा, काम गॅरेजला द्या.

मोटरसायकलचे काम यापेक्षा बरेच सोपे आहे. बेंड पाइप हेडला मिळतो तिथले गोल पॅकिंग बसून गेलेले असते आणि ॲक्सिलरेटर सोडला की पटपट आवाज येतो. नवे पॅकिंग घाला, पण सायलेन्सरचा मागचा बोल्ट सैल ठेवून पुढचे दोन्ही नट आळीपाळीने, सारखे आवळा, मागचा शेवटी. उलटे केलेत तर पाइप तिरका बसतो आणि गळती आठवड्यात परतते.

सांधा उघडताना

हेडच्या सांध्याचे काम करायचे ठरवले असेल, तर गाडीचे सर्व्हिस मॅन्युअल मिळवल्याशिवाय पाना उचलू नका. नट किती आवळायचे याचा आकडा इंजिनागणिक वेगळा असतो. ८ मिलिमीटरचे स्टड अनेक गाड्यांत २० ते २५ न्यूटन-मीटरवर आवळतात, पण तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमधूनच घ्या. टॉर्क रेंच नसेल तर भाड्याने किंवा उसना आणा, अंदाजाने आवळू नका. गाडीखाली जावे लागणार असेल तर ती स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली डोके घालू नका.

1. आदल्या संध्याकाळी इंजिन गार असताना प्रत्येक नटावर पेनिट्रेटिंग ऑइल मारा. सकाळी पुन्हा मारा.
2. बॅटरीची ऋण तार काढा. सीएनजी गाडीत सिलिंडरचा हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह बंद करा.
3. ऑक्सिजन सेन्सरचा कनेक्टर सोडवा, डाउनपाइपचे बोल्ट काढा आणि डाउनपाइप तारेने बांधून ठेवा, लोंबकळू देऊ नका.
4. मॅनिफोल्डचे नट टोकांकडून मध्याकडे सैल करा. अडलेला नट एकदम ओढू नका. पाव आटा सैल, थोडा परत घट्ट, पुन्हा ऑइल, असे करत काढा. पान्याला पाइप लावून जोर वाढवू नका.
5. मॅनिफोल्ड बाजूला घेतल्यावर हेडच्या पोर्टांत स्वच्छ फडकी कोंबा. जुने पॅकिंग ओले करून लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने काढा. जुन्या गाड्यांच्या पॅकिंगमध्ये ॲसबेस्टॉस असू शकते, त्याची कोरडी धूळ उडू देऊ नका. ॲल्युमिनियमवर पोलादी स्क्रेपर किंवा कानस चालवू नका.

इथे थांबून मॅनिफोल्डचा चेहरा तपासा, कारण घरचे काम फसते ते बहुधा याच टप्प्यावर. सरळ पोलादी पट्टी सर्व पोर्टांवर उभी धरा आणि खाली फिलर गेज सरकवून पाहा. मॅन्युअलमध्ये मर्यादा दिलेली असते. ती नसेल तर ०.१ मिलिमीटरची पाती सहज जात असेल तर मॅनिफोल्ड वाकला आहे असे धरा. वाकलेल्या मॅनिफोल्डला नवे पॅकिंग वाचवत नाही. लेथवाल्याकडे किंवा सरफेस ग्राइंडरवर त्याचा फेस मारून घ्या, आणि सर्व पोर्ट एकाच पातळीत यायला हवेत असे स्पष्ट सांगा. घरी कानशीने घासलेत तर प्रत्येक पोर्ट वेगळ्या पातळीवर जातो. हेडचाच चेहरा खराब असेल तर मात्र थांबा, ते काम हेड उतरवल्याशिवाय होत नाही.

जोडताना पॅकिंग नवेच घ्या. पत्र्याच्या पॅकिंगला पेस्ट किंवा सिलिकॉन लावू नका. पत्र्यावरच्या उंचवट्यांनी सांधा धरायचा असतो, आणि साध्या सिलिकॉनची वाफ ऑक्सिजन सेन्सर खराब करते. सेन्सरचे आटे स्वच्छ करायचे असतील तर मॅन्युअलमध्ये सांगितलेलेच संयुग वापरा. नट मध्यापासून टोकांकडे, दोन-तीन फेऱ्यांत, मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत आवळा. मध्य पक्का झाला की टोकांना सरकायला जागा राहते. आकड्याच्या पुढे एक आटाही नको. जास्त आवळलेला स्टड उद्याच्या दीड मिलिमीटर सरकण्यात तुटतो.

पहिला स्टड अडला, तिथे थांबा

घरचे काम कुठे संपते ते स्टड सांगतो. तापून-गार होऊन गंजलेला पोलादी स्टड ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये तुटला, तर त्यात ड्रिल मध्यावर धरणे हाताने फार कठीण. पोलादापेक्षा मऊ असलेल्या ॲल्युमिनियमकडे ड्रिल घसरते आणि आटे जातात. वर स्टड काढायचे टणक हत्यार आत तुटले, तर पुढे ड्रिलही चालत नाही. अनुभवी वेल्डर तुटलेल्या टोकावर नट वेल्ड करतो, त्या उष्णतेने गंज सुटतो आणि स्टड फिरून बाहेर येतो. आटे गेले असतील तर हेलिकॉइल, म्हणजे तारेचे नवे आटे, बसवतात. ही कामे साधने आणि सवय असलेल्या हातांची आहेत. स्टड अडला म्हणून थांबलात तर खर्च एका स्टडचा होतो; जिद्दीने पुढे गेलात तर हेड उतरवावे लागते.

दोन आक्षेप

शेजाऱ्याने पेस्ट लावली, वर्षभर चालली, असे सांगणारे खोटे बोलत नाहीत. बहुधा त्यांची गळती मागच्या पाइपच्या जोडावर असते, जिथे तापमान खूप कमी आणि जागेवरून हालचाल थोडी, तिथे पेस्ट टिकते. मॅनिफोल्डवर लावली तेव्हाही कधी कधी बारीक फट काजळीने भरत जाते आणि श्रेय पेस्टला मिळते. पण रोज दीड मिलिमीटर सरकणाऱ्या सांध्यावर कडक होणारी वस्तू बाहेरून चोपडली, तर ती चिरणारच. पुढे खऱ्या दुरुस्तीला सांधा उघडताना ती खरवडण्यात तास जातो.

दुसरा आक्षेप जास्त विचार करण्याजोगा आहे: आधी नट थोडे आवळून का पाहू नये? पाहा, पण गार इंजिनावर, टॉर्क रेंचने, मॅन्युअलच्या आकड्यापर्यंतच. एखादा नट खरेच सैल निघाला आणि साबणाचे बुडबुडे बंद झाले, तर काम झाले. आकडा गाठूनही बुडबुडे येत असतील तर पॅकिंग जळले आहे किंवा मॅनिफोल्ड वाकला आहे.

गॅरेज, वॉरंटी आणि पीयूसी

गाडी गॅरेजला दिलीत तरी निदान तुमच्याकडे असल्याचा फायदा होतो. अंदाजपत्रक लेखी घ्या: पॅकिंग, स्टड, फेसिंग, मजुरी वेगवेगळी लिहून. मॅनिफोल्ड आणि कन्व्हर्टर एकाच तुकड्यात असलेल्या गाड्यांत जुना भाग परत मागाच. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतात आणि भंगारातही त्याला चांगली किंमत येते. कन्व्हर्टर काढून रिकामी नळी बसवायचा सल्ला कोणी दिला तर नाकारा. प्रदूषणाची मर्यादा मोडणारी गाडी चालवल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) मध्ये १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हीची तरतूद आहे, आणि ते उत्तरदायित्व गाडी चालवणाऱ्यावर येते.

बिल घेणे तुमचा हक्क आहे. सेवेचे बिल न देणे ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. सदोष कामाची तक्रार आधी गॅरेजला लेखी द्या, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर, आणि गरज पडली तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे. मुदत दोन वर्षांची, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रार शुल्क नाही. वॉरंटीबाबत भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ च्या आदेशात कार कंपन्यांना बजावले होते की बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणाने सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये. त्यावर पुढे अपिले झाली, म्हणून केवळ त्या आदेशावर विसंबू नका. गाडी वॉरंटीत असेल तर नट सैल करण्यापूर्वी कंपनीकडून लेखी उत्तर मागा.

काम झाल्यावर

पहिल्यांदा गाडी मोकळ्या जागेत सुरू करा, बंद गॅरेजमध्ये किंवा पार्किंगच्या तळघरात करू नका. सांडलेले ऑइल जळून थोडा धूर येईल, तो दहा-पंधरा मिनिटांत थांबतो. कोड आला असेल तर स्कॅनरने पुसा आणि दोन-तीन दिवसांनी परत आला का पाहा. आठवडाभर नेहमीप्रमाणे चालवा, मग रात्रभर गार झालेल्या गाडीवर ब्लोअर-साबणाची चाचणी पुन्हा करा. त्याच पोर्टावर पुन्हा बुडबुडे दिसले तर नुसते दुसरे पॅकिंग घालून पाहू नका. फेस मारायचा राहिला आहे. मॅनिफोल्ड उतरवा आणि लेथवाल्याकडे न्या.